मुशीचं तेल

आमच्या घरमालकीण काकूंना खोटं बोलता येत नसे. त्या नेहमी खरं बोलत, असं मी मुद्दाम म्हणत नाही. खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि वेळ पडली की त्यांतली बहुतेक गप्प बसतात. काकूंना गप्पही बसता येत नसे.

नोएडात घर शोधताना त्यांची माझी पहिली भेट झाली. पुण्याहून मी नोकरीसाठी आले होते, नवऱ्याचं ऑफिस गुरुग्रामला, मुलगी मुक्ता पहिलीत. ब्रोकर वरच्या मजल्याच्या हवेशीर खोल्यांचं कौतुक करत होता आणि काकू त्याच्या मागून जिना चढत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, क्रॉस व्हेंटिलेशन है." काकू मला मराठीत म्हणाल्या, "मे महिन्यात ही खोली भट्टी होते. टाकीचं पाणी दुपारी संपतं. आणि शेजारच्यांचा कुत्रा भुंकतो." ब्रोकरला मराठी येत नव्हतं, त्यामुळे तो हसून मान डोलावत राहिला. तो मजला कितीतरी महिने रिकामा का पडला होता, ते मला तिथेच कळलं. मी घर घेतलं. दिल्लीत येऊन आठवडा झाला होता आणि माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं माणूस होतं.

या सरळपणाचा प्रसाद मला पुढे वरचेवर मिळाला. एकदा रविवारी मी त्यांच्याकडे शेंगा सोलत बसले होते, फोन चार्जिंगला लावला होता. ऑफिसच्या मॅनेजरचं नाव स्क्रीनवर दिसलं तशी मी हातानेच खूण केली, नाही म्हणून सांगा. काकूंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "वो है. मेरे सामनेच बैठी है. मगर उसको आपसे बोलने का नहीं है." सोमवारी ऑफिसात माझं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. काकूंना मात्र आपलं काही चुकलं असं शेवटपर्यंत वाटलं नाही. "नाही कसं म्हणू? तू होतीस की," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची ही हिंदी हा एक वेगळाच विषय होता. चाळीसेक वर्षं दिल्लीत काढलेली ही बाई, आणि हिंदी अशी की कालच मुरूडहून एस.टी.ने उतरल्या असाव्यात. त्याला कारणही होतं. त्यांनी आयुष्यभर मराठी मंडळींच्या शाळेत गणित शिकवलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या तेव्हा आजूबाजूला सगळी मराठीच बिऱ्हाडं. आणि बाहेरचं सारं बोलणं काका करायचे. दूधवाला, गॅसवाला, बँक, नातेवाइकांची तिकिटं, सगळं काका. निवृत्तीनंतर नोएडात घर झालं आणि दोनच वर्षांत काका गेले. तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की आपला नवरा गेला आणि आपली हिंदीही त्याच्याबरोबर गेली. हे वाक्य त्यांचंच. सांगताना त्या हसत असत, पण मला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

मग त्यांनी स्वतःची हिंदी तयार केली. मराठी शब्द घ्यायचा, त्याला का-की-के लावायचं आणि आत्मविश्वासाने पुढे जायचं. "कोथिंबीर की एक जुडी दो. शिळी नको." भाजीवाल्याला ते समजायचं, कारण पाच वर्षांत तोच मराठी शिकला होता. ज्याला येत नसे त्याची पंचाईत. गल्लीतल्या आयांना त्या अभिमानाने सांगत, "मैं बच्चों को कभी शिक्षा नहीं देती." मी मुलांना कधी मारत-रागवत नाही, असं त्यांना म्हणायचं असे. निवृत्त शिक्षिका 'मी मुलांना शिकवत नाही' असं का सांगते आहे, हे त्या आयांना कळेना. मी मध्ये पडून समजावलं की काकू म्हणत, "तू गप्प बस. मला बोलता येतं."

तेलाचं प्रकरण मी घरात राहायला गेले त्याच वर्षी, थंडीच्या तोंडावर सुरू झालं. नोएडाची थंडी म्हणजे सकाळी धुकं, दुपारी गच्चीवर ऊन खात बसायचं आणि संध्याकाळी पाचलाच अंधार. त्या अंधाराच्या सुमाराला काकू मुक्ताला खाली बोलवायच्या. बेसिनपाशी उभं करायच्या, डाव्या हाताने नाक धरायला लावायच्या आणि चमचाभर तेल तिच्या तोंडात रिकामं करायच्या. वर लगेच गूळ आणि भाजलेले दाणे. गूळ विरघळेपर्यंत एक पाढा म्हणायचा. दिल्लीत वाढणाऱ्या माझ्या मुलीला एकोणतीस आणि एकोणचाळीस यांतला फरक कळायला लागला तो या गुळामुळे.

"कसलं तेल आहे?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मुशीचं."

माझा जन्म पुण्यातल्या शाकाहारी घरातला. मुशी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. काकूंनी कीव केल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मुशी म्हणजे लहान शार्क. मुरूडला त्यांच्या लहानपणी मुशीच्या काळजाचं तेल काढत, आणि त्यांचे वडील सगळ्या भावंडांना रांगेत उभं करून ते पाजत. आता बाटली केमिस्टकडून यायची, तेल कुठल्या परदेशी माशाचं असायचं, त्याला संत्र्याचा वास लावलेला असायचा. तरी काकूंच्या लेखी ते मुशीचंच. केमिस्टची बाटली पहिल्याच दिवशी त्या एका जुन्या तपकिरी बाटलीत ओतून टाकत, कारण नव्या बाटलीचं झाकण त्यांच्या संधिवाताच्या बोटांना उघडत नसे.

"याने मुलं हुशार होतात?" मी विचारलं.

"मला आणि भावाला सारखंच पाजलं. मी गणितात पहिली आले, भाऊ तीनदा नापास झाला. आता तू ठरव."

मुलांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, द्यायचं तर द्या, चमत्काराची वाट बघू नका. नवरा मुंबईचा, मासे म्हटलं की त्याला सगळंच चालतं. तेव्हा मुक्ताचं तेल सुरू झालं. ती अभ्यासात हुशार झाली का, हे मला आजही सांगता येणार नाही. पाण्याची बाटली ती अजूनही शाळेत विसरून येते.

मुक्तामागोमाग गल्लीतली मुलं येऊ लागली. मुलं ती, एकाला गूळदाणे मिळतात म्हटल्यावर दुसरा घरी कसा बसेल. काकू प्रत्येकाच्या आईला दारात थांबवून आधी स्पष्ट सांगायच्या, "ये मुशी का तेल है. चलेगा ना?" विचारल्याशिवाय त्यांनी एका मुलाच्या तोंडाला चमचा लावला नाही. शेजारच्या दादीजीही अशाच एकदा नातीला घेऊन आल्या.

त्या नातीचं नाव पीहू, तिसरीतली. तिच्यासारखी चळवळी मुलगी मी पाहिलेली नाही. जेवताना उठायची, बोलताना उठायची, टीव्ही बघतानासुद्धा उठून पलीकडून बघायची. वर्ग चालू असताना ती खिडकीपाशी जाऊन उभी राहते म्हणून शाळेतून सारखी बोलावणी येत. आई-बाप दोघंही नोकरीवाले, घरी परतायला आठ वाजायचे, म्हणून शाळेत जाऊन ऐकून घ्यायचं काम दादीजींचं. पाचवीपर्यंत शिकलेल्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या त्या बाईला टीचरसमोर खुर्चीच्या कडेवर बसून ऐकावं लागे. मुलगी अशीच राहिली तर याच वर्गात ठेवावं लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. दादीजींना दुसरी कसली भीती नव्हती. नातीला कोणी मंद म्हणेल, एवढीच.

"मुशी का तेल है," काकू म्हणाल्या. "चलेगा ना?"

"क्यों नहीं चलेगा, बहनजी," दादीजींनी काकूंचे हात हातात घेतले.

त्या दिवाळीपासून पीहू येऊ लागली. तेल घेताना ती नाक धरायची आणि दुसरा हात पंख्यासारखा हलवायची. पाढा म्हणताना स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून अंगणात फेऱ्या मारायची. काकू तिच्या मागे जात नसत. ती परत येईपर्यंत पाढा आपण पुढे म्हणत आणि ती आली की तिथून तिला देत. काकूंचा सगळ्या मुलांवर जीव होता, पण पाच वाजले की डोळे फाटकाकडे लागत ते पीहूसाठी. स्वतःचं मूल नव्हतं त्यांना. "ही माझ्या भावावर गेलीय," म्हणायच्या. रक्ताचं काही नातं नसताना.

होळीला दादीजींनी मला गुजिया, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, खायला बोलावलं. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे देवघरच. कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. एका कोनाड्यात ठाकुरजी, म्हणजे त्यांचा बाळकृष्ण, समोर छोटी चांदीची भांडी. दादीजी खुशीत होत्या. पीहू आता घरी अभ्यासाला टेकते म्हणाल्या, पूर्वी टेकतच नव्हती. आणि मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सब मौसी के तेल का असर है. मैंने बहनजी से पूछा था, इसमें पड़ता क्या है. बोलीं, कुछ नहीं पड़ता, मौसी के कलेजे से निकलता है. बताओ, कितनी बड़ी बात कह दी."

मी हातातली गुजिया ताटलीत परत ठेवली.

घरी येऊन मी जिना न चढता थेट काकूंकडे गेले. मला हसू आवरत नव्हतं. "काकू, सगळी गल्ली तुमच्या तेलाला मौसी का तेल म्हणते. मुशी नाही, मौसी, मुलं तुम्हाला हाक मारतात ती. त्यांना वाटतं तुम्ही घरी करता, जडीबुटी घालून. दादीजी तर रडल्या, तुमच्या काळजातून निघतं म्हणून."

काकू दूध तापवत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांना मासा माहीत नाही?"

"नाही."

"पीहूने दिवाळीपासून मासा पोटात घेतलाय, हे त्यांना माहीत नाही?"

तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. मग मी व्यवहारी माणसं सांगतात ते सगळं सांगितलं. कोणाला कळलेलं नाही. उद्यापासून देऊ नका, संपलं म्हणा. मुलीचं काही वाईट झालेलं नाही. सांगितलंत तर दादीजींना धक्का बसेल, आणि पीहू पुन्हा या दारात येणार नाही. शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं, कारण तेच त्यांना लागेल हे मला माहीत होतं. लागलंही. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग गॅस तसाच चालू ठेवून, स्वयंपाकघरातल्या सपाता पायात, फाटकाकडे निघाल्या. मी गॅस बंद करून मागे धावले.

"काकू, निदान मला बोलू द्या. मी नीट समजावते."

"तू एक शब्द बोलायचा नाहीस," त्या म्हणाल्या. "चूक माझ्या हिंदीने केलीय. तिलाच निस्तरू दे."

दादीजी अंगणात होत्या. पीहू झोपाळ्यावर उलटी लटकली होती. काकू फाटकाच्या आत दोन पावलं जाऊन थांबल्या, त्यापुढे गेल्या नाहीत.

"दादीजी, मैं मुशी का तेल बोली थी. मौसी नहीं, मुशी. मुशी मतलब मछली. समुंदर का बड़ा मछली. पीहू ने दिवाली से मछली का तेल पिया है. मैं झूठ नहीं बोली. मगर आपको सच समझा नहीं, तो वो झूठ ही हुआ." त्यांनी हात जोडले. "आपको जो शिक्षा देनी है, दो. मैं लेगी."

दादीजींनी आधी झोपाळ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "मेरे ठाकुरजी के बरतन यही बच्ची माँजती है." त्यांनी पीहूला झोपाळ्यावरून उतरवलं, हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी गल्लीतल्या एकेका आईला गाठून सांगायला सुरुवात केली. आता त्या नुसत्या शब्दावर विसंबत नव्हत्या. "मछली," म्हणायच्या आणि हाताने पोहणारा मासा करून दाखवायच्या, शेपटीसकट. एक-दोघी हसल्या, आम्ही तर अंडीही खातो म्हणाल्या. बाकीच्यांनी मुलं पाठवायची थांबवली. पाच वाजता बेसिनपाशी मुक्ता एकटीच उभी राहायची. पाढा म्हणताना तिचा आवाज त्या रिकाम्या घरात फार मोठा वाटे.

काकू सरळ चालत होत्या, वेळेवर जेवत होत्या, माझ्या नव्या साडीला "रंग तुला शोभत नाही" असंही म्हणाल्या. पण पाच वाजले की खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायच्या. शेजारच्या झोपाळ्याची कडी करकरे, तेवढं ऐकायच्या. मला त्यांचा राग यायचा. असला कसला हा खरेपणा, जो कोणाच्याच कामाचा नाही, असं मी नवऱ्याला म्हटलंही.

असा महिना गेला असेल. एके संध्याकाळी फाटक वाजलं. दादीजी उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हाताला पीहू. पीहूच्या दुसऱ्या हातात पाटी आणि खडू. काकू दारात आल्या, पण या म्हणायचं धाडस त्यांना होईना.

"बहनजी," दादीजी म्हणाल्या, "तेल यह नहीं पिएगी. वह बात तो खतम." पदर सारखा केला. "मैं बहुत दिन गुस्सा रही. फिर सोचा, इतनी बड़ी बात आपने अपने मुँह से आकर कह दी, कोई और होता तो पी जाता. और आपने कहा था, शिक्षा दो. इस उमर में कौन माँगता है? मैं तो पाँचवीं पास हूँ, मैं क्या शिक्षा दूँगी. यह देगी. रोज़ आकर आपको हिंदी पढ़ाएगी, ताकि आगे से किसी को धोखा न हो."

माझ्या तोंडाचा आ झाला. काकूंनी सजा मागितली होती. दादीजींनी शिकवणी ऐकली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटून घेतलं. त्यांना तेव्हा काय कळलं होतं कोण जाणे. पीहू आत येते आहे, एवढं नक्की कळलं असणार. त्या बाजूला सरकल्या.

मग जे सुरू झालं ते बघायला मी ऑफिसातून लवकर निघायची. पीहू काकूंच्या उंच खुर्चीवर बसायची आणि काकू समोरच्या मोढ्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर. गुडघे दुखायचे, तरी बसायच्या.

"मौसी, दही खट्टा होता है. खट्टी नहीं."

"क्यों?"

"बस होता है."

"और किताब?"

"अच्छी."

"दही अच्छा, किताब अच्छी. नियम बताओ."

"नियम नहीं है, मौसी. सुनके आता है."

गणिताच्या बाईंना हे पटणं शक्यच नव्हतं. त्या वाद घालायच्या, दही मराठीत 'ते' असतं म्हणायच्या. पीहू टीचरचा आवाज काढायची, "मौसी, हिलो मत. ध्यान दो." आणि मौसीचं ध्यान नीट आहे ना हे बघत स्वतः त्या खुर्चीवर बसून राहायची. तासभर. जी मुलगी गूळ विरघळेपर्यंत एका जागी राहत नव्हती ती. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला ताप आहे की काय असं वाटलं. बेसिनपाशी मुक्ता आपलं तेल घेई आणि हेव्याने त्या दोघींकडे बघत राही. गूळदाणे तिघींना मिळत.

एके दिवशी पाटीवर 'शिक्षा' शब्द आला. पीहूने अर्थ सांगितला, पढ़ाई. काकू म्हणाल्या, नाही, शिक्षा म्हणजे पट्टी खाणे. पीहू खो खो हसली, "वो सज़ा होती है, मौसी." काकू पाटीकडे बघत राहिल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "म्हणजे मी गेले होते सजा मागायला आणि आले शिकवणी मागून." आणि होळीला हसायचं राहून गेलेलं सगळं हसू त्यांनी त्या दिवशी हसून घेतलं. डोळे पुसावे लागले.

पीहू पुढच्या वर्गात गेली. शाळेतली बोलावणी बंद झाली असं नाही, कमी झाली. टीचरने तिला फळा पुसायचं आणि वह्या वाटायचं काम दिलं म्हणे. ती युक्ती टीचरला कोणी सुचवली, ते मला दादीजींकडून कळलं. शाळेत जाताना त्या आता काकूंना बरोबर नेत. काकू तिथे काय बोलत, ते फक्त दादीजींनाच माहीत.

हिंदीची शिकवणी दोन वर्षं झाली तरी चालूच होती आणि काकूंची प्रगती यथातथाच होती. एक चूक सुधारली की दुसरी निघायची. मग एकदा घरून काम करत होते तेव्हा मी दुधाचं पातेलं परत द्यायला खाली गेले. काकू पाठमोऱ्या फोनवर बोलत होत्या.

"देखिए भाईसाहब, शिकायत मैंने परसों ही दर्ज करवाई थी. आपने कहा था कि लाइनमैन शाम तक पहुँच जाएगा. वह आया नहीं, और आपकी ओर से कोई फ़ोन भी नहीं आया. यह तो ठीक बात नहीं हुई न?"

मी पातेलं धरून तिथेच उभी राहिले. एक लिंग चुकलं नाही, एक मात्रा चुकली नाही. काकासुद्धा कधी अशी हिंदी बोलले नसतील. फोन ठेवून त्या वळल्या आणि मला बघून चपापल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच संध्याकाळी मी कान देऊन बसले. मोढ्यावर बसलेल्या काकू साळसूद चेहऱ्याने म्हणाल्या, "पीहू, आज दही बहुत खट्टी है." पीहूने कपाळावर हात मारला आणि खुर्ची पुढे ओढून मुळापासून सुरुवात केली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "काकू, हे खोटं नाही?"

त्या भांडी विसळत होत्या. "मला कोणी विचारलंय का, तुला हिंदी आली का म्हणून? विचारू दे. त्या क्षणी सांगीन." मग नळ बंद करून माझ्याकडे वळल्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई मला पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "तू विचारणार आहेस का?"

"नाही," मी म्हटलं. आणि कधीच विचारलं नाही.

नंतर आम्ही फरीदाबादला स्वतःच्या घरात आलो. आमच्या मजल्यावर अठरापगड राज्यांची माणसं आहेत, सगळी गोड बोलतात. साडी नेसले की प्रत्येक जण छान दिसतेस म्हणतं, आणि मला काकूंची आठवण येते. मुक्ताच्या मैत्रिणी आता माशाच्या तेलाच्या गोळ्या खातात, जेलीसारख्या, अस्वलाच्या आकाराच्या. मुक्ता त्यांना सांगते, मी खरं तेल प्यायलेय, नाक धरून.

मागच्या थंडीत काकू गेल्या. निरोप मिळाला तेव्हा मी धुक्यातून गाडी चालवत नोएडाला गेले. पाच वाजताच अंधारलं होतं. अंगणात दादीजी बसल्या होत्या, मला बघून त्यांनी नुसता हात धरला. पीहू आत होती. ताडमाड वाढलेली, दहावीतली. उंच खुर्ची रिकामी होती आणि ती मोढ्यावर बसली होती, अजिबात न हलता.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तीच आधी म्हणाली, "आंटी, मौसी को हिंदी आती थी ना?"

मी तिच्याकडे बघितलं. "तुला कधी कळलं?"

"बहुत पहले. स्कूल में टीचर से बात करती थीं, मैं दरवाज़े के बाहर खड़ी थी." तिने नाक पुसलं. "फिर भी रोज़ आती रही."

"विचारलं नाहीस कधी?"

"कैसे पूछती," पीहू म्हणाली. "पूछती तो सच बता देतीं."